शकुन, अपशकुन आणि आपलं मन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजर, शिंक, तेरा आकडा, परीक्षेचं ठरावीक पेन. विषय वेगवेगळे असले तरी विचारणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते: पटत नाही, पण सुटतही नाही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि किचकट नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. भूतबाधा आणि ज्योतिष इथे घेतलेलं नाही, तो पसारा वेगळा आहे.

१. अंधश्रद्धा नेमकी कशाला म्हणायची? श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांत रेघ कुठे ओढायची?

कामचलाऊ व्याख्या अशी: ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही त्यांच्यात कार्यकारण मानायचं आणि त्यानुसार वागायचं. यातलं ‘वागायचं’ महत्त्वाचं. मनात पाल सगळ्यांच्याच चुकचुकते. प्रश्न आपण त्या पालीचं किती ऐकतो हा आहे.

कारण माहीत नसणं म्हणजे अंधश्रद्धा नव्हे. विलोच्या झाडाची साल घेतली की दुखणं कमी होतं, हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्यातलं सॅलिसिन हे द्रव्य वेगळं काढता आलं ते १८२८ साली. तोवर कुणालाच कारण सांगता येत नव्हतं, पण गुण येत होता आणि तो कुणालाही पडताळून पाहता येत होता.

श्रद्धेचं म्हणाल, तर प्रवासाला निघताना मनाच्या शांतीसाठी हात जोडणं या व्याख्येत बसत नाही. हात जोडले आहेत म्हणून ब्रेक न तपासता गाडी काढली, तर बसतं.

२. मी इंजिनिअर आहे, यातलं काहीही मानत नाही. तरी मांजर आडवं गेलं की पाय थबकतो. असं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याला वाटतं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. तसं नाही.

मन एक झटपट उत्तर देतं आणि मग सावकाश ते तपासतं, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आपण धरून चालतो की तपासताना चूक दिसली की ती दुरुस्तही होते. जेन रायसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ साली इथेच बोट ठेवलं. चूक दिसणं आणि ती दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं त्यांचं म्हणणं. ‘यात काही अर्थ नाही’ हे माणसाला स्वच्छ दिसत असतं, तरी तो दोन मिनिटं थांबतो. कारण थांबायला काही पडत नाही, आणि न थांबता खरंच काही झालं तर जन्मभर रुखरुख. मराठीत याला चार शब्द आहेत: विषाची परीक्षा कशाला घ्या?

शिक्षणाने काही समजुती गळतात हे खरं, पण हुशारी हे काही कवच नव्हे. हुशार माणसाला समजूत सोडण्याची कारणं जशी भराभर सुचतात, तशीच ती धरून ठेवण्याचीही सुचतात.

आणि ही युक्ती फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात शकुन-वेड्या माणसाचं एक चित्र रेखाटलं आहे. मुंगसासारखा एक लहानसा प्राणी त्याला आडवा जातो. मग हा गृहस्थ एक तर दुसरं कुणी तिथून पुढे जाईपर्यंत जागचा हलत नाही, नाहीतर रस्त्यापलीकडे तीन दगड भिरकावतो. पुढे जाणाऱ्याचं काय होईल, याची काळजी त्यालाही नव्हती.

३. मुळात मन असे संबंध जोडतंच कशाला?

कारण शिकायची रीतच ती आहे. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या की त्यांची गाठ मारून ठेवायची.

१९४८ साली मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी आठ भुकेली कबुतरं वेगवेगळ्या पेट्यांत ठेवली. दर काही सेकंदांनी दाणे आपोआप समोर येत. कबुतर काय करतं याच्याशी दाण्यांचा काही संबंध नव्हता. तरी आठांपैकी सहा कबुतरांनी आपापला विधी बसवला. एक डावीकडून गोल गोल फिरू लागलं, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं, काही लंबकासारखी झुलू लागली. स्किनर यांच्या मते दाणे येण्याच्या क्षणी पक्षी योगायोगाने जे करत होता, तेच त्याच्यात मुरलं. १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी प्रयोग पुन्हा करून हरकत घेतली. यातल्या पुष्कळ हालचाली भुकेलं कबुतर दाण्यांची वाट पाहताना एरवीही करतंच, असं त्यांना आढळलं. हा वाद सांगायलाच हवा, कारण कबुतरांचा किस्सा सगळीकडे फिरतो आणि हरकत मागेच राहते.

मला त्याहून आवडतो तो कोइची ओनो यांचा १९८७ चा प्रयोग. जपानी विद्यार्थ्यांना एकेकट्याने एका खोलीत बसवलं. समोर तीन दांडे, एक दिवा आणि गुण मोजणारा आकडा. काय करायचं ते सांगितलं नव्हतं, फक्त जास्तीत जास्त गुण मिळवा म्हटलं होतं. गुण आपोआप पडत होते. बहुतेकांनी दांड्यांचे काही ना काही क्रम ‘शोधून’ काढले. एक मुलगी टेबलावर चढली, भिंतींना हात लावला, मग तिने खाली उडी मारली आणि नेमका तेव्हाच गुण पडला. तिथून ती उड्या मारत राहिली, पुढे हातात चप्पल धरून छताला लावण्याचा प्रयत्न करत. थांबली ती बहुधा दमल्यामुळे.

आता अशी खोड उत्क्रांतीत टिकली कशी? गवतात सळसळ झाली. वारा असूनही पळालात तर थोडी दमछाक. वाघ असून बसून राहिलात तर खेळ संपला. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असेल, तर विनाकारण पळणाऱ्याचीच पोरं मागे उरतात. फॉस्टर आणि कोको यांनी २००९ साली हा हिशोब गणिताने मांडून दाखवला.

४. पण मला खरंच अनुभव आला आहे. मग तो खोटा कसा?

अनुभव खोटा नाही. हिशोब अपुरा आहे.

चार खण कल्पा. मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं. मांजर आडवं गेलं आणि काम झालं. मांजर गेलं नाही आणि काम बिघडलं. मांजर गेलं नाही आणि काम झालं. संबंध आहे की नाही हे ठरवायला चारही खणांतले आकडे लागतात. आपल्या लक्षात पहिलाच खण राहतो, कारण बाकीच्या तिघांत सांगण्यासारखी गोष्टच नसते. ‘काल मांजर आडवं गेलं आणि बँकेचं काम व्यवस्थित झालं,’ असं कुणी घरी येऊन सांगतं का? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली तेवढी ध्यानात राहते. न तुटलेल्या फांद्यांवर कावळे रोज बसतात.

हा मुद्दा दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरो या रोमन विचारवंताने एका प्रसंगातून सांगून ठेवला आहे. डायागोरस नावाच्या नास्तिकाला एका देवस्थानात तसबिरी दाखवल्या गेल्या. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांच्या त्या तसबिरी. त्याचं उत्तर असं की बुडालेल्यांच्या तसबिरी कुठेच लावलेल्या नसतात.

शिवाय आठवण स्वतःच गोष्ट घडवते. ८७ ही धावसंख्या ऑस्ट्रेलियाचे क्रिकेटपटू अशुभ मानतात. याचं मूळ कीथ मिलरपाशी नेलं जातं. लहानपणी त्याने ब्रॅडमनला ८७ वर बाद होताना पाहिलं होतं म्हणे. पुढे कधीतरी नोंदी पाहिल्या तर ब्रॅडमन ८९ वर बाद झाला होता. अपशकुन मात्र ८७ वरच राहिला.

५. संकटात किंवा परीक्षेच्या काळातच हे सगळं का वाढतं?

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनॉवस्की पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला. तिथले कोळी आतल्या शांत खाजणात मासेमारीला जात तेव्हा मंत्रतंत्र काही नसे. तिथे धोका नव्हता आणि मासे हमखास मिळत. तेच कोळी खुल्या समुद्रात निघाले की विधींवर विधी. माणसं तीच, अक्कल तीच, बदलला तो फक्त भरवसा.

जॉर्ज ग्मेल्च स्वतः बेसबॉल खेळायचा. त्याने १९७१ साली खेळाडूंबद्दल हेच लिहिलं: चेंडू फेकणारे आणि टोलवणारे तोडग्यांनी वेढलेले, क्षेत्ररक्षणात मात्र जवळपास काही नाही. झेल बहुतेक वेळा पकडला जातोच, टोला मात्र बहुतेक वेळा हुकतो. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर क्षेपणास्त्रं पडत होती. जिथे धोका जास्त त्या भागातल्या लोकांत असे शकुन-तोडग्यांचे विचार जास्त होते, असं मानसशास्त्रज्ञ गियोरा केनान यांना आढळलं.

म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री पोरगं तेच पेन शोधत घर डोक्यावर घेत असेल, तर त्याच्या बुद्धीबद्दल लगेच निष्कर्ष काढू नका. त्याच्या हातात काय उरलं आहे ते पाहा.

६. जुन्या लोकांनी उगाच सांगितलं नसेल. यामागे काहीतरी शास्त्रीय कारण असेलच ना?

काही ठिकाणी असतं. टेकवून ठेवलेल्या शिडीखालून जाऊ नये, यात शहाणपण आहे. वरून हातोडी पडू शकते.

पण बहुतेक ‘मूळ कारणं’ मागाहून शिवलेली असतात. ओळखायची खूण सोपी: कारण फार नेटकं असतं आणि त्याला जुना पुरावा नसतो. लाकडाला हात लावण्याची चाल घ्या. झाडांत राहणाऱ्या देवतांना जागं करण्यासाठी ती सुरू झाली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण तिच्या लेखी नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मागे फारशा जात नाहीत. लोकसाहित्याच्या काही अभ्यासकांना तिचं मूळ पोरांच्या शिवाशिवीत दिसतं, ज्यात लाकडाला हात लावला की गडी सुरक्षित. इतकं साधं कारण कुणाला आवडत नाही, म्हणून ते फिरत नाही.

आरसा फुटला तर सात वर्षं दुर्दैव, हेही तसंच. रोमन लोक शरीर सात वर्षांनी नवं होतं असं मानत, इथपासून नोकरांनी महागडे आरसे जपून हाताळावेत म्हणून, इथपर्यंत स्पष्टीकरणं आहेत. जुन्या इंग्रजी नोंदींत मात्र आरसा फुटणं म्हणजे घरात मृत्यू. ‘सात वर्षं’ हा भाग मागाहून चिकटला.

आणि १११ धावा. क्रिकेटमध्ये याला ‘नेल्सन’ म्हणतात. पंच डेव्हिड शेफर्ड त्या धावसंख्येवर एका पायावर उभे राहात, ते अनेकांनी पाहिलं असेल. कारण काय, तर ॲडमिरल नेल्सनला एक डोळा, एक हात, एक पाय. त्याची एका डोळ्याची दृष्टी गेली होती, एक हातही गेला होता. पाय दोन्ही शाबूत होते.

‘काहीतरी कारण असेलच’ हा आग्रह मला स्वतःला त्याच खोडीचा धाकटा भाऊ वाटतो, जी प्रश्न ३ मध्ये भेटली.

७. तेरा आकडा आणि शुक्रवार यांचं काय?

तेरा जण एका पंगतीला नकोत, ही समजूत येशूच्या शेवटच्या भोजनाशी जोडली जाते. शुक्रवार अशुभ ही वेगळी समजूत होती. दोन्हींची जोडी जमली ती बऱ्याच उशिरा. शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्समध्ये टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांची धरपकड झाली हे खरं आहे, पण भीती तिथून आली ही गोष्ट विसाव्या शतकातली.

स्पेन आणि ग्रीसमध्ये वाईट तो मंगळवार, तेरा तारखेचा. इटलीत सतरा. चिनी आणि जपानी भाषांत ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’च्या जवळ जातो, म्हणून तिथे चार.

तेरा तारखेच्या शुक्रवारी अपघात वाढतात असं सांगणारे १९९३ चं ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं एक टिपण पाठवतात. त्यात ५२ टक्के वाढीचा उल्लेख आहे, पण रुग्णांची संख्या अगदी थोडी होती आणि लिहिणाऱ्यांचा सूरही गमतीचा. गंमतच हवी तर ही घ्या: ग्रेगरियन कॅलेंडरच्या चारशे वर्षांच्या फेऱ्यात ४८०० वेळा तेरा तारीख येते, आणि सर्वांत जास्त वेळा, म्हणजे ६८८ वेळा, ती शुक्रवारीच पडते.

८. एकच गोष्ट एकीकडे शुभ आणि दुसरीकडे अशुभ कशी?

काळं मांजर ब्रिटनमध्ये अनेकांना शुभ वाटतं, युरोपातल्या बऱ्याच देशांत अशुभ. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात टेलेमाकस जोरात शिंकतो आणि त्याची आई पेनेलोपी हसते, कारण तिच्या बोलण्यावर ती चांगली खूण असते. आपण त्याच शिंकेला थांबतो. शिंक अचानक येते, आवाज करते आणि आपल्या ताब्यात नसते. लक्ष वेधणाऱ्या अशा गोष्टीला अर्थ चिकटतोच. कुठला चिकटेल ते त्या त्या ठिकाणी ठरतं.

९. ‘सगळं छान चाललंय’ म्हटलं की लगेच नाट लागते, असं का वाटतं?

रायसन आणि गिलोविच यांनी २००८ साली यावर काम केलं. नशिबाला आव्हान दिल्यासारखं काही केलं की वाईट परिणामाचं चित्र मनात चटकन आणि ठसठशीत उभं राहतं. जे चटकन दिसतं ते घडण्याजोगं वाटतं. छत्री घरी ठेवली म्हणून पाऊस येत नाही, पण छत्री नसताना भिजलेला दिवस विसरत नाही (खणांचा हिशोब प्रश्न ४ मध्ये).

तोडगा म्हणून माणसं लाकडाला हात लावतात, थुंकतात, मीठ मागे भिरकावतात. या सगळ्या हालचाली शरीरापासून दूर जाणाऱ्या आहेत, हे लक्षात आलं का? २०१४ च्या एका अभ्यासात असं दिसलं की बाहेरच्या दिशेने ठोकणाऱ्यांना नंतर वाईटाची शक्यता कमी वाटली, स्वतःकडे ठोकणाऱ्यांना तसं वाटलं नाही. नुसता चेंडू फेकूनही तोच परिणाम मिळाला.

१०. वाईट माणसाने वापरलेला स्वेटर धुऊन दिला तरी अंगात घालवत नाही. ही अंधश्रद्धा का?

हो, पण किळसेशी जोडलेली, म्हणून फार चिवट. एकदा स्पर्श झाला की गुण कायमचा लागला, हा मनाचा जुना नियम. जंतूंच्या बाबतीत तो बऱ्यापैकी बरोबर निघाला, चारित्र्याच्या बाबतीत नाही.

पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली लोकांसमोर दोन बाटल्यांत साखर ओतली. एकीवर ‘साखर’ आणि दुसरीवर ‘सोडियम सायनाइड’ अशी चिठ्ठी त्यांनाच लावायला सांगितली, हवी त्या बाटलीला. आपल्याच हाताने चिठ्ठी लावलेल्या त्या दुसऱ्या बाटलीतलं सरबत प्यायला लोक कचरले. पुढच्या एका प्रयोगात चिठ्ठीवर ‘हे सायनाइड नाही’ असं होतं. तरीही कचरले.

११. लकी पेन, लकी बॅट यांनी खरंच फरक पडतो का?

२०१० साली जर्मनीत एक प्रयोग झाला. ‘हा चेंडू लकी ठरला आहे’ असं सांगून दिलं की गोल्फचे नेम जास्त लागतात, असा निष्कर्ष निघाला आणि जगभर गाजला. २०१४ साली दोन संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला. फरक दिसला नाही. पहिली बातमी अजून फिरते आहे.

ठरावीक क्रमाने तयारी करणं ही वेगळी गोष्ट. राफाएल नदाल पाण्याच्या बाटल्या लेबलं एकाच दिशेला करून मांडायचा. ही अंधश्रद्धा नाही, असं त्याचं म्हणणं: हरलो तरी तेच करतो, बाहेर नीट मांडलं की आत नीट बसतं. मला हे पटतं. पेन हरवल्यावर दुसऱ्या पेनाने पेपर तितकाच शांतपणे लिहिता येत असेल तर ती सवय. हात कापायला लागले तर पेन तुम्हाला वापरतं आहे.

१२. कुणाचं काही बिघडत नाही, मग मानलं तर काय झालं?

दोन मिनिटं थांबल्याने नाही बिघडत. बिघडतं ते अपशकुनाला माणसाचा चेहरा मिळाला की. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द मांजराला नाही, बाईला लावला जातो.

जपानमध्ये साठ वर्षांनी एकदा ‘अग्निअश्व’ वर्ष येतं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याचा घात करतात, अशी समजूत. १९६५ साली तिथे सुमारे १८ लाख २४ हजार बाळं जन्मली. १९६६ हे अग्निअश्व वर्ष, त्या साली सुमारे १३ लाख ६१ हजार. १९६७ मध्ये आकडा पुन्हा वर. टीव्ही आणि बुलेट ट्रेनच्या देशातली ही गोष्ट. आई-बाप सगळे मानणारे असतील असं नाही. ‘आम्ही मानत नाही, पण उद्या हिचं लग्न जमवताना समोरचे मानतील,’ एवढा विचारही पुरतो. त्यानंतरचं अग्निअश्व वर्ष २०२६.

१३. माझ्या मुलीला कडी सात वेळा तपासल्याशिवाय झोप येत नाही. हीही अंधश्रद्धाच का?

असेलच असं नाही. शकुन मानणारा माणूस विधी उरकून मोकळा होतो. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीत, विधी केल्यावर क्षणभर हायसं वाटतं आणि मग पुन्हा तीच टोचणी. रोजचा बराच वेळ त्यात जात असेल, विधी चुकला की रडारड होत असेल, तर समजावत बसू नका आणि दटावूही नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यावर चांगले उपचार आहेत.

१४. घरातल्या मोठ्यांना हे कसं पटवून द्यायचं?

वाद घालून नाही, एवढं मी सांगू शकते. माझी आत्या शिंक आली की उंबऱ्यावरून परत येते, पाणी पिते, मग निघते. प्रश्न ४ मधल्या चार खणांवर माझा भारी विश्वास. फ्रिजवर एक कॅलेंडर लावलं आणि तिला म्हटलं, शिंक आली की फुली करायची, दिवस वाईट गेला की गोल. तिने इमानेइतबारे केलं. दोन महिन्यांत अकरा फुल्या, दोन गोल, आणि फुली-गोल एकत्र एकदाही नाही.

मी विजयी मुद्रेने कॅलेंडर तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाली, “बघ, थांबले म्हणूनच ना काही झालं नाही!”

टाळण्याच्या तोडग्यांची खरी मेख ही आहे. काही झालं नाही तर तोडगा लागू पडला, झालं तर तोडग्यात कसूर राहिली. शिंकेनंतर थांबली की नाही आणि दिवस बरा गेला की वाईट, असे चार खण मांडले तर त्यांतले दोन तिने कधी भरूच दिले नव्हते, कारण शिंकेनंतर न थांबता ती एकदाही बाहेर पडली नव्हती. मग मी म्हटलं, आता एकाआड एक शिंकेला थांबू नकोस, म्हणजे तुलना करता येईल.

“विषाची परीक्षा कशाला, बाई,” ती म्हणाली. कॅलेंडर अजून तिथेच आहे. आता त्यावर ती औषधांच्या वेळा लिहिते.